तिकीट गौरी-गणपतीनंतरचं, पण दिवाळीचं काय?

वाचकाचं पत्र: "मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात टूल डिझाइनचं काम करतो. आमच्याच समूहातल्या जर्मनीच्या कंपनीत दोन वर्षांसाठी जायचं ठरलं आहे. करार तिकडच्या कंपनीशी, पगार तिकडच्या खात्यात, महिना ४,५०० युरो. इथला ८० हजारांचा पगार निघेपर्यंत चालू राहील. गौरी-गणपती आटोपून २२ सप्टेंबर २०२६ ला निघायचं आणि दिवाळीला ५ ते १५ नोव्हेंबर येऊन पत्नी व मुलीला घेऊन जायचं, असा बेत आहे. तोवर मुलीची सहामाही होईल. गंगापूर रोडला माझ्या एकट्याच्या नावावर टू बीएचके फ्लॅट आहे. कर्जाचं वर्षाचं व्याज २ लाख ४० हजारांच्या घरात जातं. फ्लॅट १ डिसेंबरपासून २४ हजारांनी भाड्याने द्यायचा विचार आहे. शेजारचे काका म्हणतात, '१८३ दिवस बाहेर राहिलास की एनआरआय, मग इथं कर नाही.' मेहुणे म्हणतात, 'भाडं निफाडला वडिलांच्या खात्यावर घे, कोण विचारतंय?' कोणाचं ऐकू?"

उत्तर:

दोघांचंही ऐकू नका. आणि तिकीट काढलं नसेल तर हे वाचून झाल्यावरच काढा. तुम्हाला काळजी फ्लॅटची वाटते आहे, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी गोष्ट आहे प्रवासाची तारीख.

काकांचा १८३ हा आकडा परदेशांचे कायदे आणि दोन देशांमधले करार यांतून फिरत फिरत कट्ट्यावर आलेला आहे. आपल्या आयकर कायद्यात बाहेरचे दिवस मोजत नाहीत, भारतातले मोजतात. १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात असाल तर तुम्ही निवासी. म्हणजे अनिवासी व्हायचं असेल तर जास्तीत जास्त १८१ दिवस राहायचं. याशिवाय एरवी आणखी एक फास असतो: वर्षात ६० दिवस इथं आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथं, तरीही माणूस निवासी ठरतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला, ज्या वर्षी तो जातो त्या वर्षापुरती, ६० ऐवजी १८२ ची सूट आहे. ती तुम्हाला लागू पडते. करारपत्र आणि कामाचा व्हिसा यांच्या प्रती त्यासाठी जपून ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे. त्यात 'कर वर्ष' हा शब्द आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण दिवस मोजायची रीत तीच आहे. खाली कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक जुनेच दिले आहेत, कारण सीए मंडळींच्या तोंडी अजून तेच आहेत. आयकर पोर्टलवर शोधताना क्रमांकाऐवजी नावाने शोधा.

आता तुमचे दिवस मोजू. एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१ आणि सप्टेंबरचे २२, झाले १७५. इथवर छान. दिवाळीत ५ ते १५ नोव्हेंबर, आल्याचा आणि गेल्याचा दिवस धरून ११. बेरीज १८६. फसलात. नुसतं जाणं पाहिलं तर २८ सप्टेंबरपर्यंत निघणारा माणूस १८१ मध्ये बसतो, म्हणून पुष्कळ जण ती तारीख पाठ करून निर्धास्त असतात आणि दिवाळी विसरतात. मोजणी सलग दिवसांची नसते, पूर्ण वर्षातल्या सगळ्या मुक्कामांची असते.

आल्याचा दिवस धरायचा की नाही यावर न्यायाधिकरणांत वाद झाले आहेत आणि काही निकाल करदात्याच्या बाजूने लागले आहेत. तुम्ही मात्र दोन्ही दिवस धरूनच हिशेब करा, एका दिवसासाठी अपिलात जाण्यात काही अर्थ नाही. दुसरी बारीक गोष्ट मुंबईच्या विमानाची. युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. नाशिकहून दुपारी गाडीने निघालात, रात्री अकराला विमानतळावर पोचलात, पण इमिग्रेशनचा शिक्का साडेबाराला बसला तर तारीख पुढची. तिकिटावरची नव्हे, पासपोर्टवरची तारीख मोजली जाते. शिक्का पुसट उमटला तर तिथल्या तिथे फोटो काढून ठेवा आणि बोर्डिंग पास फेकू नका.

उपाय सोपा आहे. १५ सप्टेंबरला निघा. यंदा गणेश चतुर्थी १४ ला आहे, म्हणजे गणपती बसवून दुसऱ्या दिवशी. गौरी घरच्यांना कराव्या लागतील, त्याला इलाज नाही. १५ सप्टेंबरपर्यंत १६८ दिवस होतात, दिवाळीचे ११ मिळवले की १७९. दोन दिवस हाताशी राहतात, विमान रद्द झालं किंवा कोणी आजारी पडलं तर. तारीख हलत नसेल तर दिवाळीची फेरी सहा दिवसांची करा, १८१ होतील, पण मग एक दिवसही इकडेतिकडे होऊन चालणार नाही. तिसरा मार्ग, पत्नी आणि मुलगी दोघींनीच यावं आणि तुमची पुढची फेरी १ एप्रिल २०२७ नंतर. त्या दिवशी नवं वर्ष सुरू होतं आणि पाटी कोरी होते.

एका आठवड्याने एवढा काय फरक पडतो? निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं, अनिवासीचं फक्त भारतातलं. युरोचा भाव सोयीसाठी १०० रुपये धरू. महिना साडेचार लाख, मार्चअखेर सहा महिन्यांचे २७ लाख. इथल्या पगाराचे साधारण साडेचार लाख. बेरीज साडेएकतीस लाख, त्यातून पगारदाराची ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की पावणेएकतीस. नव्या करपद्धतीच्या टप्प्यांनुसार २४ लाखांवर ३ लाख कर, वरच्या पावणेसात लाखांवर ३० टक्क्यांनी २ लाख २ हजार ५००, वर ४ टक्के उपकर. कर निघतो सव्वापाच लाखांच्या आसपास. तुम्ही अनिवासी असाल तर भारतात मोजायचे फक्त ते साडेचार लाख आणि चार महिन्यांचं भाडं. वजावटीनंतर पगार पावणेचार लाख उरतो, तो ४ लाखांच्या मूळ सवलतीखालीच आहे. भाडं व्याजात जिरतं. कर शून्य.

निवासी ठरलात तर जर्मनीत कापलेल्या कराचं श्रेय इथं मिळतं, हे खरं. फॉर्म ६७ भरून, तिकडच्या पगारपत्रकांसह. पण जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. २०२६ मध्ये तुमची तिथली कमाई जेमतेम साडेतीन महिन्यांची, शिवाय तिथं विवाहितांना मिळणारी एकत्र आकारणीची सूट, त्यामुळे पहिल्या वर्षी तिथला कर बराच कमी बसतो. श्रेय तेवढंच मिळणार, उरलेला फरक तुमच्या खिशातून. त्यात परदेशी बँक खातं विवरणपत्रातल्या 'शेड्यूल एफए' या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं ते वेगळंच. ते राहून गेलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. घर-जमीन सोडून इतर परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे, पण म्हणून रकाना रिकामा सोडायचा नाही.

भारत-जर्मनी करारात दोन्हीकडे निवासी ठरणाऱ्या माणसासाठी कसोट्या आहेत: कायमचं घर कुठे, जवळचे संबंध कुठे, नेहमीचा मुक्काम कुठे, शेवटी नागरिकत्व. त्या वापरून सुटकेचा प्रयत्न करता येतो. पण नोव्हेंबरपर्यंत बायको-मुलगी नाशिकला, घर नाशिकला मोकळं, अशा अवस्थेत 'माझे जवळचे संबंध जर्मनीत' हे पटवायला वकिलाची फी द्यावी लागेल. तिकीट बदलायला एवढा खर्च येत नाही.

बँकेतलं निवासीपण वेगळं

आयकराचं निवासीपण दिवसांवर ठरतं. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचं ठरतं तुम्ही कशासाठी गेलात यावर. नोकरीसाठी देश सोडलात की त्या दिवसापासून फेमाच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी, मग त्या वर्षी आयकरात निवासी ठरलात तरीसुद्धा. म्हणून इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं. कर्जाचा हप्ता त्यातूनच जाऊ द्या आणि भाडंही त्यातच येऊ द्या. युरोतली बचत भारतात पाठवायची तर एनआरई खातं उघडा, त्याच्या व्याजावर इथं कर नाही. एनआरओच्या व्याजावर मात्र बँक ३० टक्के आणि उपकर कापते, तेव्हा त्यात मोठी रक्कम साठवून ठेवू नका. पीपीएफ आहे तसं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही आणि मुदत वाढवून मिळत नाही. म्युच्युअल फंडांचं केवायसी बदला. ही कामं नाशिकच्या शाखेत समोर बसून दोन तासांत होतात. तिकडून करायची म्हटली की कागदांच्या साक्षांकनासाठी वकिलातीच्या खेपा.

भाडं: मेहुण्यांचा सल्ला आणि भाडेकरूचा टीडीएस

घर नाशिकला आहे म्हणजे भाड्यावरचा कर भारतात. तुम्ही कुठेही असा, कितीही दिवस असा. आणि घर तुमचं म्हणजे उत्पन्न तुमचं. पैसे वडिलांच्या खात्यात पडल्याने ते वडिलांचं उत्पन्न होत नाही. पकडलं कसं जातं तेही सांगतो. तुमचा भाडेकरू नोकरदार असेल आणि जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असेल, तर वर्षाला एक लाखाच्या वर भाड्यासाठी त्याला घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. नोंदवलेल्या करारात नाव तुमचं, पॅन तुमचा, तुमच्या विवरणपत्रात मात्र भाडं नाही, ही विसंगती संगणकच काढतो. वडिलांना पैसे द्यायचे तर भाडं तुमच्या एनआरओ खात्यात घ्या आणि तिथून त्यांना पाठवा. मुलाने वडिलांना दिलेल्या भेटीवर कर नाही.

खरी अडचण पुढे आहे आणि बहुतेक घरमालक ती भाडेकरूपासून लपवतात. निवासी मालकाला महिना ५० हजारांपर्यंत भाडं देणाऱ्या साध्या भाडेकरूला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागत नाही. मालक अनिवासी असेल तर कलम १९५ लागतं आणि त्याला खालची मर्यादाच नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के, उपकरासह ३१.२ टक्के. २४ हजारांवर महिना ७,४८८ रुपये. तुमच्या हातात येणार १६,५१२.

आता प्रत्यक्ष कर किती, तो पाहा. वर्षाचं भाडं २ लाख ८८ हजार. घरपट्टी तुम्ही ८ हजार भरली असं धरू, उरले २ लाख ८० हजार. त्यावर ३० टक्के सरसकट वजावट ८४ हजार, उरले १ लाख ९६ हजार. त्यातून व्याज २ लाख ४० हजार वजा, म्हणजे ४४ हजारांचा तोटा. नव्या करपद्धतीत हा तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही आणि पुढेही ओढता येत नाही, तो तिथंच संपतो. पण कर शून्य. आणि कापला जाणार वर्षाला ८९,८५६. तो परत मिळतो, पण रिटर्न भरल्यावर, दुसऱ्या वर्षी, आणि तोवर हप्ता तुम्ही पदरचा भरायचा. घरपट्टीचे पैसे मालकाने त्याच वर्षात प्रत्यक्ष भरलेले असले तरच वजा होतात, थकबाकी वजा होत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, दलाली यांतलं काहीही वेगळं वजा होत नाही, ते त्या ३० टक्क्यांत आलं असं कायदा मानतो. आणखी एक गैरसमज: 'बारा लाखांपर्यंत कर नाही' ही सवलत फक्त निवासींना आहे. अनिवासीला ४ लाखांची मूळ सूट मिळते, पुढे टप्प्याप्रमाणे कर.

भाडेकरूने काय करायचं? टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला लागणारा क्रमांक, काढायचा, फॉर्म ४९बी भरून ऑनलाइन निघतो, फी शंभर रुपयांच्या आत. दर महिन्याला भाडं देताना टीडीएस कापून पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. दर तिमाहीला २७क्यू हे विवरणपत्र, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. मग तुम्हाला कर कापल्याचा दाखला, फॉर्म १६ए, द्यायचा. २७क्यू उशिरा भरला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. अनिवासीला पैसे देण्याची माहिती देणारा १५सीए हाही फॉर्म आहे, वर्षाची रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने त्याचा छोटा भाग पुरतो. घराची चावी घेताना हे ऐकलं की निम्मे भाडेकरू जिन्यातूनच परत जातील. म्हणून आधी सांगा. लपवून ठेवलं आणि पुढे नोटीस आली तर ती भाडेकरूला येते, न कापलेला कर आणि व्याज त्याच्याकडून मागितलं जातं. मग तो तुमच्या डिपॉझिटवर हिशेब मांडतो आणि भांडण निफाडहून आलेल्या वडिलांच्या गळ्यात पडतं. परत करायच्या अनामत रकमेवर टीडीएस नाही, तेवढं भाडेकरूला आवर्जून सांगा.

दोन वाटा आहेत. पहिली, कलम १९७ चा कमी किंवा शून्य कपातीचा दाखला. अर्ज तुम्ही ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवर करायचा, त्याला भाडेकरार, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा अंदाजी हिशेब, मागच्या वर्षांची विवरणपत्रं आणि भाडेकरूचा टॅन लागतो. दाखला मिळाल्या तारखेपासून पुढेच लागू होतो, मागे कापलेलं परत येत नाही, आणि दर वर्षी नवा घ्यावा लागतो. इथे अर्ज अडकतो तो एका ठरलेल्या ठिकाणी: तुमचा पॅन अजून नाशिकच्या साध्या वॉर्डात असतो आणि दाखला द्यायचा अधिकार आंतरराष्ट्रीय कर विभागाच्या अधिकाऱ्याला. म्हणून पोहोचताच पोर्टलवर प्रोफाइलमध्ये निवासी दर्जा बदला, जर्मनीचा पत्ता घाला आणि पॅन वर्ग करण्याची विनंती आत्ताच्या वॉर्डाला द्या. दाखला मिळाला तरी भाडेकरूचा टॅन आणि २७क्यू सुटत नाहीत, फक्त कापण्याचा दर शून्यावर येतो.

दुसरी वाट आम्हाला जास्त पटते: फ्लॅट कंपनीला द्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना बाहेरगावच्या अधिकाऱ्यांसाठी घरं लागतात. कंपनीकडे टॅन असतो, टीडीएस भरणारा माणूस असतो, तिला २७क्यूची भीती नसते. एक गोष्ट मात्र ती काढेलच. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीला राहतं घर भाड्याने दिलं तर १८ टक्के जीएसटी कंपनीनेच सरकारला भरायचा असतो. तो तुमच्यावर येत नाही, पण भाव करताना भाड्यातून काहीतरी कमी करा म्हणतील. हजार-दीड हजार सोडून देणं परवडतं.

निघण्याआधीचे कागद

आधी वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, आणि नुसतं नोटरीकडे नको, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. त्यांना पुढे तुमच्या वतीने करार नोंदवायचा आहे, तिथं नोटरीचा कागद चालवून घेत नाहीत. मजकूर मर्यादित ठेवा: याच फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार करणं आणि नोंदवणं, भाडं तुमच्या एनआरओ खात्यात जमा करवणं, सोसायटी, महापालिका आणि महावितरणची कामं, घर रिकामं करून घेण्यासाठी अर्ज करणं. विक्रीचा अधिकार लिहू नका, ते वडील असले तरी. ठराविक छापील मजकुरात तो शब्द असतोच, वाचून खोडा. हे राहून गेलं तर जर्मनीतून भारतीय वकिलातीत जाऊन सही करावी लागते, आणि तो कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

करार तुम्ही स्वतः नोव्हेंबरच्या मुक्कामात करू शकलात तर उत्तम. घरबसल्या ई-नोंदणीत दोन्ही बाजू आणि दोन साक्षीदार यांचे आधारशी जुळणारे अंगठे लागतात, तेव्हा जर्मनीतून ते जमणार नाही. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हे महाराष्ट्रात खोटं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड.

तुम्ही २१ महिन्यांचा करा, १ डिसेंबर २०२६ ते ३१ ऑगस्ट २०२८, म्हणजे परतायच्या आधी घर हातात येईल. मुद्रांक शुल्क पाव टक्का: भाडं २४ हजार गुणिले २१ म्हणजे ५ लाख ४ हजार, त्यात ७२ हजारांच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज १२,६००. एकूण ५,१६,६०० वर सुमारे १,३०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एवढ्यात नोंदवलेल्या कराराची ताकद मिळते: मुदत संपल्यावर भाडेकरू हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहील तेवढ्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. दिवाणी दाव्यात वर्षं घालवावी लागत नाहीत.

एक कलम नाशिककरांनी यंदा विसरू नये. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. तुमचा फ्लॅट त्या वेळी भाड्याने दिलेला असेल, तुम्ही सहा हजार किलोमीटरवर, आणि शहरात एका खोलीसाठी यात्रेकरू वाटेल ते मोजायला तयार. तेव्हा करारात स्पष्ट लिहा: पोटभाडेकरू ठेवणार नाही, होमस्टे किंवा दिवसाच्या भाड्याने देणार नाही, राहणाऱ्यांची नावं अमुक, यापेक्षा जास्त पाहुणे सात दिवसांच्या वर नाहीत, मोडल्यास पंधरा दिवसांत घर सोडायचं. आणि सोसायटीच्या रखवालदाराकडे वडिलांचा नंबर द्या.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून होतं. सोसायटीला करार आणि भाडेकरूचे कागद द्या. यात कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. सोसायटी घेते ते बिगरभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्यात घरपट्टी धरायची नाही. सेवा शुल्क १,८०० असेल तर १८०. 'आमच्या सोसायटीत पाचशे' असं सांगितलं तर १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश दाखवा. बाकी वीज मीटरचं रीडिंग, गीझर-पंख्यांची यादी, भिंतींचे फोटो, हे तुम्हाला सांगायला नको.

मोबाईल मात्र सांगायला हवा. आधारशी जोडलेलं भारतीय सिम बंद पडू देऊ नका. आयकर पोर्टल, ट्रेसेस, बँक, सगळ्यांचा ओटीपी त्यावर येतो, आणि रिटर्न भरून ३० दिवसांत पडताळणी झाली नाही तर ते वेळेत भरल्याचं धरत नाहीत. जायच्या आधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, ओटीपी यायला तेवढं पुरतं. अनिवासीला आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरायचा, मुदत ३१ जुलै. परतावा एनआरओ खात्यात हवा असेल तर ते खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करा.

जर्मनीच्या बाजूचं थोडक्यात: घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत तिथल्या नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, करक्रमांक त्यावरूनच येतो. नाशिकचं भाडं तिथल्या विवरणपत्रातही दाखवा. त्यावर तिथं थेट कर लागत नाही, पण तुमच्या पगारावरचा दर ठरवताना ते धरतात.

आता परतीचं. दोन वर्षांनी येणाऱ्याला 'पुढची दोन-तीन वर्षं परदेशी उत्पन्नावर कर नाही' असं सांगणारे भेटतील. ती सवलत 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या दर्जाची. त्यासाठी आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात जास्तीत जास्त ७२९ दिवस असावे लागतात. तुम्ही सातपैकी पाच वर्षं अख्खी इथं होतात. तुम्हाला ती मिळणार नाही. शिवाय कायमचं परत येणं ही 'भेट' नसते, म्हणून भेटीला येणाऱ्या अनिवासीला असते ती १८२ ची सूट परतण्याच्या वर्षी जाते आणि ६० दिवसांचा जुना फास परत लागतो. सप्टेंबर २०२८ मध्ये आलात तर १ एप्रिल २०२८ पासूनचा जर्मनीचा पगार भारतात दाखवावा लागेल, तिथल्या कराचं श्रेय घेऊन. कंपनीने मुदत वाढवली आणि त्या वर्षी मध्ये फेरी न मारता १ फेब्रुवारी २०२९ ला आलात तर ३१ मार्चपर्यंत ५९ दिवस होतात आणि ते वर्षही सुटतं. सप्टेंबरमध्येच आलात तर जर्मनीचं बँक खातं निघताना बंद करूनसुद्धा त्या वर्षीच्या शेड्यूल एफए मध्ये दाखवावं लागेल, कारण तिथं २०२८ या कॅलेंडर वर्षात एक दिवस जरी खातं असलं तरी त्याची नोंद मागतात. बंद करण्याआधी वर्षभराचं विवरण डाउनलोड करून ठेवा.